गुरुवारची चादर

शाळेची चादर मीच धुते, निळीत घालते
आणि गुरुवारी संध्याकाळी दोन खिळ्यांना अडकवते.
प्रोजेक्टर मास्तरीणबाईंचा, बटण माझं.
बाहेर तिरपा पाऊस, आज आठवा दिवस,
चिलोएत कुणी मोजत नाही, मी मोजते,
कारण फरशी मला पुसायची असते.
माणसं येतात, बूट दाराशी उपडे घालतात,
खिशातून फोन असे काढतात
जसं कोटातून पिल्लू काढावं.

नियम एकच: एकाचे तीन फोटो.
तो कुणी पाळत नाही.

एरिबेर्तो बार्रिया दक्षिणेत मगायानेसला
मेंढ्या कातरून आलाय. चार महिने, एकोणचाळीस फोटो.
मेंढी. मेंढ्यांची रांग. लोकर उतरलेली मेंढी,
अंघोळीहून टॉवेलशिवाय निघाल्यासारखी.
वाऱ्यानं एकाच बाजूला वाढवलेलं झाड.
पुन्हा मेंढी.
"आणि तू रे कुठे?" आई विचारते.
"मी काढतोय ना, आई."
म्हातारी उठते, चादरीपाशी जाते,
तिची सावली अख्ख्या कळपावर पडते.
मग ती बाजूला होऊन एका पाठीवर बोट टेकवते:
तिथे टोपीची सावली, काठ दुमडलेला.
"हा बघ. वाळलाय किती."

नोल्फा चिगुआयनं कारखान्याचा पट्टा आणलाय.
उकडलेले शिणाणे, वाफ, निळे हातमोजे, सुऱ्या.
चेहरे चौकटीच्या वर राहिलेत.
"हे काय दाखवतेस बाई," मागून कुणीतरी,
"आत्ता तिथूनच आलो, हाताचा वास गेला नाही अजून."
मी पुढचं बटण दाबणार, तेवढ्यात
"थांब. तो तिसरा उबाल्दिनाचा.
सुरी उलटी धरणारी तीच एक."
"आणि हा मानसियाचा, अंगठा बघा,
जणू पाहुण्यांकडे चहा पितोय."
मग काय. खुर्च्या पुढे सरकल्या.
आठ तास शेजारी उभं राहून
जे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं,
ते सगळं पाठ होतं सगळ्यांना:
कोण मनगटातून कापतं, कोण खांद्यातून,
कुणाचं करंगळीचं बोट मोज्यात रिकामं आहे.

शेवटून दुसऱ्या जोडीवर अडलं.
शिंपला उघडलेला नाही, नुसता धरलाय,
ऐकत असल्यासारखा.
"कधीचा गं?"
"फेब्रुवारीतला," नोल्फा म्हणाली. "हात मोजा."
बावीस.
आता पट्ट्यावर वीस असतात.
दोमितिलाचं नाव कुणी घेतलं नाही,
ओलं लाकूड तेवढं धुसफुसलं,
आणि माझं बोट बटणावर
ठेवलं तसंच राहिलं, बराच वेळ.

शेवटी नेहमीप्रमाणे रोसामेल.
त्याचा एकच फोटो. नेचे.
ओले, दाट, किंचित हललेले, बाकी काही नाही.
"इथे पुडू होतं," तो म्हणतो.
कुत्र्याएवढं हरीण, दिसलं तर नशीब,
आणि फोन काढेस्तोवर कोण थांबतं?
पहिल्या गुरुवारी लोक पोट धरून हसले.
दुसऱ्या गुरुवारी कमी.
तिसऱ्याला कुणी म्हणालं, डावीकडचं पान बघा,
ते वाऱ्यानं नाही हललेलं.
आज चौदावा गुरुवार.
मास्तरीणबाईंची मुलगी, सहा वर्षांची,
एकटक बघून विचारते,
"त्याचं एक शिंग मोडकं होतं ना?"
रोसामेल पुष्कळ विचार करतो.
"डावं," म्हणतो.
आणि आम्ही माना हलवतो. डावंच होतं.

मी चादर उतरवते, घडी घालते.
माझे फोटो फोनातच आहेत:
चिखलात काळ्या मानेचे हंस,
वाळत घातलेली हीच चादर, फुगलेली,
आणि एक चुकून काढलेला, माझ्याच बुटांचा.
पुढच्या गुरुवारी, बघू.

घराकडे सगळे एकाच रस्त्यानं निघतो,
मानसिया टोमॅटोच्या भावावर बोलतोय,
उबाल्दिना त्याच्यावर ओरडतेय.
नेच्यांचं वळण आलं
की बोलणं आपोआप थांबतं
आणि एकेक बॅटरी खाली झुकते,
रस्त्यावर, बुटांपुरती.